पडवीतल्या चपला: एका छोट्या कलादालनाचे प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या, समुद्राला लागून असलेल्या एका लहान गावातले. नगरपंचायत आहे म्हणून कागदोपत्री शहर म्हणायचे, नाहीतर कोणाकडे पाहुणे उतरले हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते, एवढाच त्याचा पसारा. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. कलादालन चालवणाऱ्या पाच जणांच्या समितीत मी होतो, जमाखर्चाची वही माझ्याकडे होती. तेव्हा पुढे ज्या चुका येतील त्यातल्या काही माझ्याच.

पार्श्वभूमी

दालन म्हणजे गावातल्या एका वाडीतले जुने चिरेबंदी घर. मोठ्या रस्त्यावरून आत वळणारी पाणंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मग बेडे म्हणजे आवाराचे फाटक, खळे म्हणजे अंगण, तुळस, पडवी आणि आत माजघर. मालक मुंबईला. घर बंद राहून वाळवी लागण्यापेक्षा कोणीतरी वापरावे म्हणून त्यांनी ते भाडे न घेता दिले. अटी तीन घातल्या. देवघरात रोज दिवा लागला पाहिजे. पावसाआधी कौले परतून घ्यायची. आणि चवथीच्या आठ दिवस आधी घर पूर्ण रिकामे करून द्यायचे, कारण गणपती त्याच माजघरात बसतो आणि मुंबईची सगळी मंडळी तेव्हा घरी येतात.

तिसरी अट आम्हाला जड गेली नाही. पावसाळ्यात इथे कागदावरचे चित्र भिंतीला लावणे म्हणजे बुरशीला घर देणे. अशा कामांसाठी हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असावी असे संग्रहालयवाले सांगतात. आमचा काटा जुलैत नव्वदच्या खाली यायला तयार नसे. म्हणून हंगाम दिवाळीनंतर सुरू करून मे अखेरीस संपवायचा असे ठरले.

हा जिल्हा चित्रांना नवखा नाही. सावंतवाडीला गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आहे. पिंगुळीच्या ठाकर समाजाकडे चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. ती कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पण उद्घाटनाचा साचा आम्ही उचलला तो मुंबईचा. समितीतल्या दोघांची उमेदीची वर्षे मुंबईत गेलेली. जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले. तिथली उद्घाटने पाहत ते चित्रे शिकले. प्रदर्शनाचे उद्घाटन कसे असते असे विचारले की त्यांच्या डोळ्यांपुढे तेच येई. शनिवारी संध्याकाळी सहा, निमंत्रणपत्रिका, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचे भाषण, मग समोसे आणि कोकम सरबत. बॅनर आणि खाण्याचा खर्च एक बांधकाम व्यावसायिक उचलायचे. त्यांना त्या बदल्यात व्यासपीठावर एक खुर्ची हवी असे.

अडचण कशी दिसू लागली

खरे तर बराच काळ ती दिसलीच नाही. पहिल्या दोन प्रदर्शनांच्या अभिप्राय वहीत साठ-सत्तर सह्या पडल्या आणि आम्ही खूश झालो. तिसऱ्या वेळी मी वही घरी नेली आणि सहज पेन घेऊन वाडीतली नावे अधोरेखित करायला बसलो. तीन निघाली. एक सरबत वाटणारा मुलगा, एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, आणि एक आमच्याच समितीतल्या बाईंचे यजमान.

वाडी येत नव्हती असे नाही. बेड्यापाशी यायची. बाया कडेवर पोरे घेऊन तिथे उभ्या राहायच्या, मोठी पोरे आत पाठवायच्या, ती सरबताचे पेले घेऊन बाहेर यायची. ‘भितर येवा’ म्हटले की उत्तर ठरलेले: ‘नको, पाय मळलेले असत.’ आम्ही हे संकोचाचे बोलणे समजत होतो. ते शब्दशः खरे होते. या घरात चपला घालून कोणी कधी शिरले नव्हते, आणि आमचे पाहुणे बूट घालून थेट माजघरात, देवघरासमोरून फिरत होते. आता वाडीतल्या बाईने काय करायचे? चपला काढाव्यात तर बूटवाल्यांच्या मध्ये आपण अनवाणी, आणि घालून जावे तर ते घर देवाचे. तिने बेड्यापाशी थांबणे पसंत केले. हे कळायला आम्हाला दीड वर्ष लागले. आम्ही सगळे इथेच जन्मलो-वाढलो, तरी.

तारखांचेही तेच. आम्ही शनिवार धरायचो तो पुण्या-मुंबईच्या सोयीने. कार्तिकी पौर्णिमेनंतर इथे गावोगावच्या जत्रा सुरू होतात, रात्रभर दशावतार चालतो. दुसऱ्या प्रदर्शनाच्या दिवशी शेजारच्या गावची जत्रा होती आणि वाडीतली अर्धी घरे कुलपात होती. पंचांग समितीतल्या प्रत्येकाच्या घरी टांगलेले होते. एकानेही त्यात पाहिले नव्हते. शिवाय संध्याकाळी सहा ही मासळी बाजाराची वेळ. वाडीतल्या निम्म्या बाया तेव्हा पाट्या मांडून बाजारात बसलेल्या असतात.

भाषणांबद्दल एकच सांगतो. एका प्रमुख पाहुण्यांनी सावळाराम लक्ष्मण हळदणकरांवर पाऊण तास घेतला. हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे जलरंगातले प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात, हे सगळे बरोबर आणि ऐकण्यासारखेही. पण ज्या चित्रकर्त्रीचे प्रदर्शन होते ती पाऊण तास खांबाला टेकून उभी होती, आणि मागे तिची चित्रे बोलणाऱ्यांच्या पाठीने झाकली होती.

ठिणगी पडली ती गाड्यांवरून. तिसऱ्या उद्घाटनाला पाच मोटारी पाणंदीत शिरल्या. भाषण चालू असताना पलीकडच्या घरातल्या आजींना दम लागला. रिक्षा मोठ्या रस्त्यावरच अडली. आजींना आमच्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेले, मोटारींच्या आणि गडग्याच्या मधून तिरके होत. आजी दोन दिवसांत बऱ्या होऊन घरी आल्या. खुर्ची त्यांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी परत आणून दिली आणि त्याच फेरीत नगरपंचायतीत केलेल्या तक्रारीची प्रत माझ्या हातात ठेवली. ‘आमच्याच वाडीत आमकाच वाट नाय?’ एवढेच बोलला. ओरडला असता तर बरे झाले असते.

समोर आलेले पर्याय

आठवडाभरात बैठक झाली. पहिला पर्याय एसटी स्टँडजवळच्या सभागृहात उद्घाटन करण्याचा. गाड्यांना जागा, माइकची सोय, तक्रार मिटली. समितीतल्या तिघांचा याला होकार होता, माझाही. विरोध केला तो एकट्या ड्रॉइंग मास्तरांनी, आणि त्यांचा मुद्दा साधा होता: चित्रे इथे आणि माणसे तिथे, मग उद्घाटन कशाचे करता? हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो आम्ही केवळ त्यांच्या हट्टामुळे बरोबर घेतला हे मान्य करायला हवे.

दुसरा पर्याय उद्घाटने बंदच करण्याचा. नुसते दार उघडायचे, येतील ते येतील. यात व्यावसायिकांचे पैसे जाणार होते आणि चित्रकारांना तोंड दाखवणे अवघड होणार होते.

तिसरा पर्याय सगळ्यांना फार आवडला, म्हणून त्याबद्दल सांगतो. दीपप्रज्वलनाऐवजी मालवणी पद्धतीचे गाऱ्हाणे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडे, घालायचे, सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, म्हणजे वाडीला आपलेसे वाटेल. वाडीत गाऱ्हाणे घालणाऱ्या एका आजोबांकडे मी आणि मास्तर गेलो. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘गाराणां देवाक घालतत, पावण्यांका नाय.’ विषय तिथेच संपला. परत येताना मला राग आला होता. नंतर विचार केला, आपण वाडीला आत बोलावत नव्हतो, तिला पाहुण्यांसमोर दाखवायला काढत होतो.

चौथा पर्याय कोणी मांडला असे म्हणता येणार नाही, तो एका पडवीत ऐकू आला.

गणपतीच्या शाळेत

आजोबांच्या घरापुढेच वाडीतली गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. तिथले मूर्तिकार आमच्या एकाही उद्घाटनाला आले नव्हते, आणि त्यांना खास निमंत्रण गेले होते का, हे वहीत पाहायची माझी हिंमत झाली नाही. शाळेच्या भिंतीशी पाट रचलेले होते. ज्याने त्याने आपल्या घरचा पाट आणून द्यायचा, मागे खडूने नाव लिहायचे, त्याच पाटावर मूर्ती घडते. चवथ अजून लांब होती. जुने, पडून राहिलेले पाट होते ते.

मास्तरांनी आमची रडकथा सांगितली. मूर्तिकार म्हणाले, ‘आमच्या शाळेत कोणाक बोलावणां धाडूचा लागणा नाय. माती भिजली की पोरां आपसूक येतत.’

आम्ही दोघेही लहानपणी त्याच शाळेत रात्री जेवून जात होतो. गडी माणसे मातीचे गोळे मळायची, कोणी पितांबराला रंग लावायचे, आणि डोळ्यांची आखणी चालू झाली की सगळी शाळा गप्प व्हायची. तिथे उद्घाटन कधी झाले नाही. मूर्ती पुरी व्हायच्या आधी वाडीने ती पंचवीस वेळा पाहिलेली असते, कान मोठा झाला, सोंड बरोबर वळली नाही असे तोंडावर सांगितलेले असते. आणि आम्ही मात्र सगळे काम दार लावून करत होतो, शेवटच्या खिळ्यानंतर दार उघडत होतो, आणि लोक उंबऱ्यावर का अडतात म्हणून बैठका घेत होतो.

काय केले

पुढचे प्रदर्शन फेब्रुवारीत होते, पुण्याच्या एका चित्रकर्त्रीचे. जत्रा आणि शिमगा टाळून तारीख काढली, या वेळी पंचांग समोर ठेवून. चित्रे लावण्याचे काम तीन रात्री, आठ ते दहा, दार उघडे ठेवून करायचे ठरवले. जेवणे झालेली असतात, बाजार उठलेला असतो. निमंत्रण नाही. फक्त पडवीतले दोन दिवे लावले आणि माजघरात फ्रेमी भिंतीला टेकवून ठेवल्या.

चपलांचा नियम एका वाक्यात लिहून पायरीपाशी लावला: सगळ्यांनी काढायच्या. समितीत यावरून कुरबूर झाली, मुंबईचे पाहुणे काय म्हणतील वगैरे. पाहुणे काही म्हणाले नाहीत. पुण्याच्या एका गृहस्थांच्या मोज्याला भोक होते, ते बराच वेळ एका पायावर दुसरा पाय ठेवून चित्रे पाहत होते, एवढेच.

गाड्या पोरांच्या शाळेच्या मैदानात. तिथून पाणंदीने चालत यायचे, पाच मिनिटांची वाट. आजींच्या मुलालाच विचारले की मैदानापाशी उभा राहशील का. तो राहिला. मजुरी दिली. खाण्याचे काम वाडीतल्या बचत गटाला दिले: आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. त्याचे पैसे द्यायचे की नाही यावर माझे मत ‘घरचेच काम, प्रेमाने करतील’ असे होते. समितीतल्या बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी वही उघडून अठराशे रुपये लिहिले.

पहिल्या रात्री सात-आठ पोरे आणि दोन म्हातारे आले. दुसऱ्या रात्री बाया आल्या. मासळी विकणाऱ्या एक मावशी आत आल्या, इकडेतिकडे पाहिले आणि सरळ जमिनीवर बसल्या. दिवसभर पाटीपुढे बसून आणि डोक्यावर ओझे वाहून त्यांचे गुडघे गेलेले. बसल्यावर वर पाहून म्हणाल्या, ‘ही चित्रां काय उभ्यानच बघूची?’

मी त्यांच्याशेजारी बसलो. खालून एकही चित्र दिसत नव्हते. प्रत्येक काचेत ट्यूबलाइटचा एक पांढरा पट्टा, आणि त्यामागे काहीतरी निळे. आम्ही चित्राचा मध्य जमिनीपासून साठ इंचांवर धरत होतो, कारण शहरातल्या दालनांत साधारण तेवढाच धरतात, उभ्या माणसाच्या डोळ्यांशी. इथे माणसे घरात शिरली की बसतात. त्या रात्री चित्रकर्त्री, मास्तर आणि दोन पोरे मिळून एक पूर्ण भिंत उतरवली आणि पंचेचाळीस इंचांवर पुन्हा लावली. ट्यूब काढून बाजूने पिवळे दिवे लावले, तेही काचेत दिसतात का हे मावशी बसल्या जागेवरून सांगत होत्या. ‘अजून. अजून जरा. हां, ऱ्हवांदे.’ साडेअकरा वाजले.

तिसऱ्या रात्री नुकसान झाले. एका तैलचित्राचा जाड थर अजून ओला होता. तैलरंग वरून सुकल्यासारखा दिसतो, पण जाड असला तर आतून महिनोन् महिने ओला राहतो. एका पोराने अंगठा लावला. कोपऱ्यातल्या निळ्या रंगात स्वच्छ अंगठा उमटला, सरकारी कागदावर उठतो तसा. चित्रकर्त्री एक शब्द न बोलता बाहेर खळ्यात जाऊन उभी राहिली. चित्राची किंमत पंधरा हजार होती. नुकसान कोणी सोसायचे याबद्दल आमचे तिच्याशी काहीच ठरलेले नव्हते, ना तोंडी ना लेखी. अर्धी रक्कम समितीच्या शिलकेतून दिली. शिलकेत त्यानंतर फार काही राहिले नाही.

शनिवारचे उद्घाटन असे झालेच नाही. सात वाजल्यापासून लोक येत-जात राहिले, साडेआठला चित्रकर्त्री जमिनीवर बसून दहा मिनिटे बोलली, अंगठ्याचा विषय तिने काढला नाही. व्यासपीठ नव्हते म्हणून व्यावसायिकांचे पैसेही आले नाहीत.

निष्पत्ती

त्या रात्री मी सह्या मोजल्या नाहीत. पडवीत उकिडवा बसून चपला मोजल्या: एकशे बारा जोड. त्यात पट्टा शिवलेल्या, टाच झिजलेल्या हवाई चपला बहुसंख्य. तेव्हापासून प्रत्येक वेळी तेच माप धरतो. सही करायला लाजणारा माणूस चपला मात्र काढतोच.

विक्री घटली. आधीच्या प्रदर्शनात सहा चित्रे गेली होती, या वेळी दोन. पाहुणे कमी आले, आणि आले ते भिंतींपेक्षा माणसेच जास्त पाहत होते. चित्रकर्त्रीला हा व्यवहार तोट्याचा गेला हे लपवण्यात अर्थ नाही. ती मला पुढे एकदा फोनवर म्हणाली की कामाबद्दल इतके प्रश्न तिला कुठे कोणी विचारले नव्हते, आणि तरीही पुन्हा करायचे असेल तर आधी पैशांचे बोलूया. दोन्ही गोष्टी ती मनापासून बोलत होती.

समितीतले एक जण बाहेर पडले. त्यांचे म्हणणे, याला कलादालन म्हणायचे की बैठकीची खोली. हा प्रश्न मला अजूनही तितका चुकीचा वाटत नाही.

आजींच्या मुलाने तक्रार मागे घेतली नाही. पण पुढच्या दोन्ही प्रदर्शनांना मैदानापाशी तोच उभा होता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, अंगठा. चित्रे लावताना दार उघडे ठेवायचे ही कल्पना आम्ही चित्रकर्त्रीला तारखेच्या चार दिवस आधी सांगितली, आणि तिने संकोचाने होकार दिला. ते महिनाभर आधी, लेखी, कोणते चित्र ओले आहे ते विचारून व्हायला हवे होते. आता एक पानाचा करार करतो. त्यात नुकसानभरपाई आहे, न सुकलेली कामे देवघराच्या खोलीत दाराआड ठेवायची असे आहे, आणि उघड्या दाराने मांडणी नको असेल तर तसे सांगण्याची मोकळीक आहे. एका चित्रकाराने तसे सांगितलेही. त्याची कामे अमूर्त, त्याला अर्धवट भिंत कोणी पाहिलेली नको होती. त्याच्या वेळी दार बंद ठेवले. चपला चाळीस जोड.

दुसरे, आम्ही सल्ला विचारायला गेलो तो म्हाताऱ्या पुरुषांकडे. वेळ कोणती सोयीची, हे बायांना कोणी विचारले नाही; मासळी बाजाराची गोष्ट समितीतल्या बाईंनी तिसऱ्या बैठकीत सहज बोलण्यात काढली. त्या पहिल्या बैठकीपासून हजर होत्या. आम्ही त्यांना बोलायला जागा दिली नव्हती हे वहीतल्या इतिवृत्तावरून कळते: माझ्या अक्षरात, तिन्ही वेळा, ‘चहा: सौ. यांच्याकडून’.

पैशांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. व्यासपीठाची खुर्ची काढून घेतली तर तिचे पैसे कुठून आणायचे याचे उत्तर आम्ही खुर्ची काढण्याआधी शोधले नाही. सध्या दर महिन्याला वाडीतली काही घरे वीस-पन्नास रुपये देतात. विजेचे बिल निघते, त्यापलीकडे नाही.

आणि आता एक नवीन पेच आहे. यंदा चवथीला घर मालकांच्या ताब्यात दिले, तेव्हा त्यांनी गणपतीच्या मागची भिंत रंगवून घेतली. इकडे ती पद्धतच आहे. रंगवली शाळेतल्या मूर्तिकारांनी, रात्री जेवून, आठ दिवसांत. समुद्र, माड, मध्ये कमळ, आणि खालच्या कोपऱ्यात, ओळखू येईल न येईल असा, एक निळा अंगठा. घर परत मिळाले तेव्हा गणपती गेलेला, भिंत तशीच. तीच आमची मुख्य भिंत, चित्रे लावायची. दरवर्षी चुना मारून पांढरी करतो. मावशी बाजारातून परतताना दोनदा येऊन तिच्यासमोर बसून गेल्या. पहिले प्रदर्शन पंधरा दिवसांवर आले आहे, चित्रकाराने भिंतीचे माप मागितले आहे, आणि चुन्याचा डबा पडवीत झाकण न उघडता पडून आहे.